गार पाण्याचे व्रत आणि गडचांदूरचा उन्हाळा

वेशभूषेप्रमाणे आरोग्याच्या क्षेत्रातही लाटा येत असतात. गेल्या काही वर्षांत आलेली अशी एक लाट गार पाण्याची आहे. बर्फ टाकलेल्या पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बुडून बसायचे, दातावर दात आवळून दोन-चार मिनिटे ती थंडी सोसायची आणि मग ताजेतवाने होऊन दिवसाच्या कामाला लागायचे, असे या नव्या व्रताचे स्वरूप आहे. विम हॉफ नावाच्या डच गृहस्थाने या व्रताला जगभर प्रसिद्धी मिळवून दिली. युरोप-अमेरिकेत त्यासाठी घरगुती टब आणि पाणी थंड करणारी यंत्रे विकली जातात. मोठ्या शहरांतील व्यायामशाळांच्या वाटेने ही हौस आपल्याकडेही आली आहे. मोबाइलवरच्या चित्रफिती पाहून तालुक्याच्या गावातील एखादा महाविद्यालयीन तरुण न्हाणीघरातल्या ड्रमात बर्फाच्या लाद्या टाकू लागला, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

परंतु हेच व्रत गडचांदूरला नेऊन पाहावे. चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यातील हे गाव सिमेंटचे गाव म्हणून ओळखले जाते. एका बाजूला माणिकगडाचा डोंगर, जवळच अमलनाला धरण, आणि परिसरात सिमेंटच्या भट्ट्या व चुनखडीच्या खाणी. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे ही बातमीही होत नाही. ४७ अंशांपलीकडे तो गेल्याची नोंद एकापेक्षा अधिक वर्षी झालेली आहे. अशा दुपारी गच्चीवरील काळ्या टाकीचा नळ सोडला, तर हाताला चटका बसतो. संध्याकाळी अंगावर घेण्याजोगे पाणी हवे असेल, तर ते पहाटेच बादल्यांत भरून सावलीत ठेवावे लागते. जेथे गार पाणी मिळवणे हाच एक उद्योग आहे, तेथे गार पाण्यात बुडण्याचे आरोग्यशास्त्र सांगणे ही थट्टा वाटण्याचा संभव आहे.

वस्तुतः ती थट्टा नाही. थंड पाण्याविषयी आज जे दावे मोठ्याने केले जातात, ते पुष्कळसे कच्चे आहेत. आणि जो उपयोग जवळजवळ निर्विवाद आहे, त्याची वाच्यता फारशी होत नाही. तो उपयोग उष्माघातावरील तातडीच्या उपचाराचा आहे, आणि त्याची गरज गडचांदूरसारख्या गावाला इतर कोणाहूनही अधिक आहे.

जुनीच वाट

थंड पाण्याची महती आपल्याला परदेशाने शिकवावी, अशी काही स्थिती नाही. आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत पहाटे नदीवर जाऊन स्नान करण्याची रीत महाराष्ट्राच्या घराघरांत होती, माघस्नानाचीही होती. मात्र ही परंपरा आंधळी नव्हती. दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान तेल-उटणे लावून ऊन पाण्यानेच करावयाचे असते. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त स्नानाचे गुण सांगितले आहेत, त्याचबरोबर अर्दितवायू, डोळ्यांचे व कानांचे रोग, अतिसार, पडसे, अजीर्ण असताना आणि जेवणानंतर लगेच स्नान करू नये, असा इशाराही दिला आहे. पाणी तेच असले, तरी अंगावर घेणारे शरीर कोणते आणि वेळ कोणती, हा विवेक जुन्यांनी केला होता.

युरोपात ही वाट एकोणिसाव्या शतकात रुळली. ग्रेफेनबर्गचा व्हिन्सेंट्स प्रीसनित्झ, बव्हेरियातील धर्मगुरू सेबास्टियन क्नाइप आणि लायप्झिगचा लुई कूने ही जलोपचारातील मोठी नावे. क्नाइपचा जलचिकित्सेवरील ग्रंथ १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याची अनेक भाषांत भाषांतरे झाली. यांपैकी कूनेचे कटिस्नान आपल्याकडे रुजवण्यात गांधीजींचा मोठा वाटा होता.

त्या कटिस्नानाची एक कथा मुंबईत घडलेली आहे. १९०२ साली गांधीजी गिरगावात राहत असताना त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने आजारी पडला. त्यात न्यूमोनियाचीही लक्षणे दिसू लागली. पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा देण्याचा सल्ला दिला. गांधीजींना तो पटला नाही. त्यांनी कूनेच्या पद्धतीप्रमाणे तीन-तीन मिनिटांची कटिस्नाने आणि पाणी घातलेला संत्र्याचा रस यांवर मुलाला ठेवले. ताप १०४ अंशांपर्यंत चढला, तेव्हा ओल्या चादरीत गुंडाळून, वर घोंगडी घालून त्याला निजवले आणि स्वतः बेचैन मनाने चौपाटीकडे फिरावयास गेले. परत येतात तो मुलाला घाम फुटला होता. ताप उतरणीस लागला आणि पुढे मुलगा बरा झाला.

या प्रसंगात चमत्कारापेक्षा मोलाची गोष्ट दुसरीच आहे. आत्मचरित्रात ही हकीकत सांगताना गांधीजींनी यशाचे श्रेय जलोपचाराच्या पदरात सरळ टाकलेले नाही. ईश्वरकृपा, पाणी, मोजका आहार की शुश्रूषा, यांपैकी मुलगा कशाने वाचला हे कोणी सांगावे, अशी शंका त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवली. त्यांचा स्वतःचा विश्वास मात्र पुढेही टिकला. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर जे पुस्तक त्यांनी लिहिण्यास घेतले, त्यात कटिस्नान आणि ओल्या चादरीची पट्टी यांना जागा आहे. १९४६ च्या मार्चमध्ये ते पुणे जिल्ह्यातील उरुळीकांचन येथे राहिले आणि तेथे निसर्गोपचार आश्रमाचा पाया घातला गेला. उपचारावर श्रद्धा आणि श्रेय देताना संयम, असा दुहेरी स्वभाव त्या जुन्या जलोपचारात होता. आजच्या लाटेत श्रद्धा भरपूर आहे. उणीव संयमाची आहे.

दावे आणि पुरावे

थंड पाण्यात बुडल्याने शरीरात काय घडते, हे आता पुष्कळसे ठाऊक झाले आहे. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे १५ अंशांच्या हवेत सुखाने फिरणारा माणूस १५ अंशांच्या पाण्यात थरथरू लागतो. कातडीतील रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत ढकलले जाते, रक्तदाब चढतो आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन नावाचे संप्रेरक रक्तात उसळते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १४ अंशांच्या पाण्यात तासभर बसलेल्या तरुणांच्या रक्तात या द्रव्याचे प्रमाण पाचपटींहून अधिक वाढल्याचे आढळले. बाहेर आल्यावर जी तरतरी वाटते ती खोटी नाही. तिला शारीरिक कारण आहे.

परंतु तरतरी येणे निराळे आणि रोग टळणे निराळे. नेदरलँड्समध्ये २०१६ साली एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ३,०१८ लोक तीत सहभागी होते. त्यांपैकी काहींनी महिनाभर नेहमीच्या ऊन पाण्याच्या आंघोळीचा शेवट ३०, ६० किंवा ९० सेकंद थंड पाण्याने केला. या मंडळींच्या कामावरील आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी घटल्या. पण आजारी असण्याचे दिवस मात्र म्हणण्यासारखे घटले नाहीत. याचा सरळ अर्थ असा की, माणसे आजारी तेवढीच पडली, फक्त कामावर अधिक गेली. कचेरीच्या दृष्टीने हा लाभ असेल, पण याला रोगप्रतिकार म्हणता येणार नाही. दुसरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ३० सेकंद आणि ९० सेकंद यांच्या परिणामांत विशेष फरक पडला नाही. अधिक सोसले म्हणजे अधिक मिळते, ही या व्रतामागची आवडती कल्पना आहे. तिला या पाहणीने दुजोरा दिलेला नाही.

२०२५ साली अशा ११ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. स्नानानंतर सुमारे बारा तासांनी ताण कमी झाल्याचे त्यात दिसले; पण शरीरातील दाह कमी होतो हा जो लाडका दावा आहे, त्याच्या उलट, स्नानानंतर लगेच दाहाच्या खुणा वाढल्याचे आढळले. व्यायाम करणाऱ्या तरुणांसाठी आणखी एक बातमी आहे. वजने उचलून झाल्यावर प्रत्येक वेळी दहा मिनिटे थंड पाण्यात बसणाऱ्यांचे स्नायू तीन महिन्यांत इतरांपेक्षा कमी वाढले, असे २०१५ च्या एका प्रयोगात दिसून आले. दुखरे अंग शांत होते, पण ज्या दुखण्यातून स्नायू घडतो त्यालाही पाणी शांत करून टाकते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

तात्पर्य, निरोगी माणसाला गार पाण्याची आंघोळ सोसत असेल आणि आवडत असेल, तर तिने त्याचा दिवस चांगला जाण्याची शक्यता आहे. याहून मोठे आश्वासन विज्ञानाने अद्याप दिलेले नाही.

धोका दाराशीच

धोका मात्र नक्की आहे, आणि तो पहिल्या एक-दोन मिनिटांतच आहे. एकदम थंड पाण्यात शिरल्यावर माणसाला आपोआप धाप लागते; पहिला श्वास तर इच्छा नसताना आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर श्वासाबरोबर पाणीच आत जाते. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब एकाच वेळी चढतात. तशातच चेहरा पाण्यात बुडवला, तर शरीराची दुसरी एक प्रतिक्रिया हृदयाला मंद होण्याचा हुकूम देते. वेग वाढव आणि वेग कमी कर, असे दोन परस्परविरोधी हुकूम एकाच वेळी मिळाल्याने काहींच्या हृदयाची लय बिघडते. रक्तदाबाचे, हृदयविकाराचे आणि अपस्माराचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांनी या वाटेला न जाणेच शहाणपणाचे. मद्य घेतलेल्याने तर मुळीच जाऊ नये.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत गारवा हा उपचार नसून शत्रू आहे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात खेड्यांतील नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यात बाळाला ऊबदार ठेवणे हा एक प्रमुख भाग होता. गावातील प्रशिक्षित आरोग्यदूत बाईने हे काम केले आणि बालमृत्यू उल्लेखनीय प्रमाणात घटले. थंडी कोणाला हितकर आणि कोणाला घातक, हे नाते शरीरागणिक बदलते.

ज्याला हा प्रयोग घरी करावयाचाच आहे, त्याने तो एकट्याने करू नये. प्रथम पायांवर, मग हातांवर आणि मग धडावर पाणी घ्यावे; डोके बुडवू नये; श्वास ताब्यात आल्याखेरीज पुढे जाऊ नये; आणि हुडहुडी भरण्याच्या आधीच बाहेर यावे. पूर्वीची माणसे नदीत उतरताना आधी पाय भिजवून डोळ्यांना पाणी लावीत, त्यामागेही हेच व्यवहारज्ञान असावे.

बर्फाचा हिशेब

गडचांदूरला या व्रताची आणखी एक अडचण आहे, ती हिशेबाची. जमिनीखालच्या पाण्याचे तापमान साधारणतः त्या प्रदेशाच्या हवेच्या वर्षभराच्या सरासरीजवळ असते. चंद्रपुरात ही सरासरी २७ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट वाटते, पण ते मुळात तेवढेच असते. ज्या १०-१५ अंशांच्या पाण्याच्या कथा परदेशातून येतात, ते येथील विहिरीत कोणत्याही ऋतूत सापडणार नाही.

ते बनवावयाचे तर बर्फ हवा. टबात २०० लिटर पाणी आहे आणि ते ३० अंशांवरून १५ अंशांवर आणावयाचे आहे, असे समजा. त्यासाठी ३,००० किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. एक किलो बर्फ वितळून त्याचे पाणी १५ अंशांपर्यंत येईतो सुमारे ९५ किलोकॅलरी शोषतो. म्हणजे एका स्नानाला तीसहून अधिक किलो बर्फ लागला. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत रोज २०० लिटर पाणी आणि तीस किलो बर्फ एका माणसाच्या तरतरीसाठी खर्च करणे न परवडणारे तर आहेच, शोभणारेही नाही.

परंतु हेच पाणी आणि हाच बर्फ एखाद्या कामगाराचा किंवा शेतकऱ्याचा जीव वाचवण्यासाठी हाताशी ठेवला, तर? येथे चैनीचा प्रश्न संपतो आणि सार्वजनिक आरोग्याचा सुरू होतो.

अर्ध्या तासाचा प्रश्न

उष्माघात म्हणजे नुसते ऊन लागणे नव्हे. उन्हाने थकवा येणे, घेरी येणे, पायांत गोळे येणे या पायऱ्या अलीकडच्या. शरीराच्या आतील तापमान ४० अंशांवर गेले आणि माणूस बरळू लागला, अडखळू लागला, त्याला झटके आले किंवा त्याची शुद्ध हरपली, म्हणजे उष्माघात झाला असे समजावे. अशा माणसाचे अंग कोरडेच असते, हा समज अपुरा आहे. कष्टाचे काम करताना उष्माघात झालेला माणूस घामाने निथळतही असू शकतो. या अवस्थेत मेंदू, यकृत, मूत्रपिंडे यांची हानी मिनिटागणिक वाढत जाते. पहिल्या अर्ध्या तासात शरीर गार झाले, तर वाचण्याची आशा फार मोठी असते. वेळ गेली की ती झपाट्याने मावळते.

हे अर्ध्या तासाचे गणित गडचांदूरच्या नकाशावर मांडून पाहावे. चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय राजुऱ्यामार्गे तासाभराच्या वाटेवर आहे. जिवती-कोरपन्याच्या आतील भागांतून निघणाऱ्यास त्याहून अधिक वेळ लागतो. गाडी मिळवणे, रुग्णाला तीत घालणे, नातेवाइकांना कळवणे यांत जाणारा वेळ निराळाच. रुग्णाला तापलेल्या गाडीत घालून धाडले आणि वाटेत काहीच केले नाही, तर तो रुग्णालयात पोहोचतो तेव्हा वाचवण्याचा मुख्य काळ रस्त्यावर सांडलेला असतो. म्हणूनच या विषयातील तज्ज्ञांनी एक सूत्र ठरवले आहे : आधी गारवा, मग गाडी.

हे सूत्र अनुभवातून आलेले आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फाल्मथ येथे दर उन्हाळ्यात रस्त्यावरील धावण्याची शर्यत होते. तेथे शर्यतीच्या शेवटी बर्फाच्या पाण्याचे टब तयार ठेवतात आणि कोसळलेल्या धावपटूला जागच्या जागी त्यात बुडवतात. १८ वर्षांत तेथे उष्माघाताच्या २७४ रुग्णांवर उपचार झाले आणि त्यांतील एकही दगावला नाही. थंड पाण्यात बुडवण्याच्या कोणत्याही आरोग्यदायी दाव्यापाशी इतका बलवान पुरावा नाही.

आपल्या देशातही ही जाणीव अलीकडे आली आहे. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात मे २०२४ मध्ये उष्माघातासाठी स्वतंत्र कक्ष उघडण्यात आला. त्यात रुग्णाला बुडवण्यासाठी टब आणि बर्फ तयार करण्याची व्यवस्था आहे. महाराष्ट्राला ही जाणीव फार मोठी किंमत देऊन व्हावयास हवी होती. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या समारंभानंतर उष्माघाताने १४ माणसे मृत्युमुखी पडली. त्या दिवशी तेथे चंद्रपूरसारखा ४५ अंशांचा पारा नव्हता. चाळिशीच्या आतले तापमान आणि समुद्रकाठची दमट हवा एवढ्यानेच घात केला. मग विदर्भातील मे महिन्याचे काय सांगावे?

घरातले उपाय

ज्या अर्थी टब आणि बर्फ सर्वत्र मिळणार नाहीत, त्या अर्थी हा उपाय गडचांदूरला निरुपयोगी आहे, असे मात्र कोणी समजू नये. पुन्हा थोडा हिशेब करू. साठ किलो वजनाच्या माणसाचे अंग एक अंशाने उतरवण्यास सुमारे ५० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. ४२ अंशांवरून ३९ वर आणावयाचे, तर १५० किलोकॅलरी. पाण्याने शोषलेल्या उष्णतेचा विचार केला, तर १५ लिटर पाणी १० अंशांनी तापले की हे काम झाले. आणि बाष्पीभवनाचा विचार केला, तर कातडीवरून केवळ पाव लिटर पाणी उडून गेले, तरी तेवढीच उष्णता जाते. प्रत्यक्षात सगळेच पाणी इतके काटेकोर काम करीत नाही, म्हणून ते अधिक घ्यावे लागते. पण ही रक्कम गरीब घराच्या आवाक्याबाहेरची नाही, एवढे यावरून उघड व्हावे. प्रयोगांत २६ अंशांच्या पाण्यानेही अंग चांगले उतरल्याचे दिसले आहे. म्हणजे विहिरीचे ताजे पाणीदेखील कामाचे आहे. फक्त ते टाकीतले तापलेले नसावे.

बाष्पीभवनाच्या बाबतीत तर चंद्रपूरच्या कोरड्या हवेची मदतच होते. ज्या न्यायाने माठातील पाणी गार होते, वाळ्याच्या ताट्या खोलीला गारवा देतात आणि विदर्भातील प्रत्येक घराच्या खिडकीत कूलर घरघरतो, त्याच न्यायाने ओले अंग आणि वारा मिळून शरीर गार करतात. रुग्णाला सावलीत न्यावे, अंगावरचे जाड कपडे काढावेत, बाजेवर निजवून अंगभर पाणी ओतत राहावे आणि पंख्याने, कूलरने किंवा पुठ्ठ्याने सतत वारा घालावा. चादर वापरावयाची तर पातळ घ्यावी आणि ती ओली ठेवीत जावे. अंगाला चिकटून सुकलेली चादर उष्णता कोंडते. वृद्ध माणसाला बर्फाच्या पाण्यात बुडवण्यापेक्षा ही रीत अधिक सोसते.

कष्टाचे काम करणाऱ्या धडधाकट माणसाला उष्माघात झाला असेल, तर मात्र बुडवण्याला तोड नाही. त्यासाठी टबच हवा असे नाही. शेतावरचा किंवा गुरांचा हौद चालतो. डोके वर धरून ठेवण्यास दोन माणसे हवीत. रानात तेही नसेल, तर ताडपत्री घ्यावी, रुग्णाला तीत निजवावे, तीन-चार जणांनी कडा उचलून तिची झोळी करावी आणि असेल ते पाणी व बर्फ त्यात ओतून हलवीत राहावे. पंधरा-वीस मिनिटांत फरक पडतो. रुग्ण शुद्धीवर आला किंवा कुडकुडू लागला की थांबावे आणि मग १०८ च्या रुग्णवाहिकेने रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेला फोन मात्र पहिल्याच मिनिटाला करावयाचा असतो.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. बेशुद्ध किंवा बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. आणि तापाच्या गोळ्या देऊ नयेत. हा ताप जंतूंचा नसल्याने त्या उपयोगी पडत नाहीत आणि थकलेल्या यकृतावर अधिक भार टाकतात. कांदा खिशात ठेवणे, तळपायांना कांदा चोळणे हे उपाय घरोघर चालतात. त्यांनी अपाय नसेल, पण त्यात गेलेली दहा मिनिटे परत मिळत नाहीत. कैरीचे पन्हे आणि ताक यांची जागा उष्माघाताच्या आधी आहे, नंतर नाही.

तापलेल्या अंगावर एकदम गार पाणी घातले की लकवा मारतो, असा एक समज अनेक घरांत आहे. थंडीचा आघात निरोगी पण नाजूक हृदयाला धोक्याचा ठरू शकतो, हे वर आलेच आहे. पण ज्याचे शरीर ४२ अंशांवर पोहोचले आहे, त्याच्यापुढे दोन धोके आहेत : गारव्याचा एक लहान आणि उष्णतेचा एक फार मोठा. अशा वेळी लहानाला भिऊन मोठ्याला घरात घेणे हा विवेक नव्हे.

कोणी करावयाचे?

गडचांदूरच्या परिसरात ही तयारी कोणासाठी हवी, हे शोधावयास दूर जाण्याची गरज नाही. सिमेंटच्या भट्टीत आत १,४५० अंशांची आग असते आणि बाहेर मे महिना. उघड्या कोळसा खाणींत सावली नसते. एप्रिलअखेर ते मे हा तेंदूपत्त्याचा हंगाम. जंगलात पाने तोडणाऱ्या बाया-माणसांना पहाटे निघून दुपारच्या उन्हात गठ्ठे डोक्यावर आणावे लागतात. याच दिवसांत लग्नसराई असते, भरदुपारच्या वराती असतात आणि मांडवात बँडवाले गरम गणवेशात उभे असतात. यांपैकी कोणीही हौसेने उन्हात जात नाही.

कारखान्यात दवाखान्याचा कक्ष असावा, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यांवर बंधनकारक केले होते. तो काळ लोटला, तरी त्यामागील तत्त्व जुने झालेले नाही. त्या कक्षात एक टब, बर्फाची पेटी आणि ते वापरण्याचा सराव झालेली चार माणसे असावीत, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. तेंदूपत्ता संकलन केंद्रावर सावलीचा मांडव, पाण्याचे दोन ड्रम आणि एक ताडपत्री ठेवावयास किती खर्च येतो? ग्रामीण रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत थंड खोली असली, की ती पुरेशी मानली जाते; खोलीच्या गारव्याने ४२ अंशांचे अंग वेळेत उतरत नाही. तेथे पाणी, बर्फ आणि वारा या तिन्हींची जोड हवी.

शाळांचे काम याहून सोपे आणि अधिक टिकाऊ आहे. विज्ञानाच्या पुस्तकात बाष्पीभवनाचा सुप्त उष्मा शिकवला जातो, पण तो परीक्षेच्या पेपरात राहतो. चैत्रात शाळा सुटण्यापूर्वी एका तासात एखाद्या शिक्षकाने ओली पातळ चादर, पंखा आणि तापमापक घेऊन हा प्रयोग मुलांसमोर करून दाखवला, तर त्याच वर्गातील एखादा विद्यार्थी मे महिन्यात आपल्या बापाच्या उपयोगी पडेल. प्रथमोपचाराचे ज्ञान खेड्यात सर्वांत वेगाने पोहोचवणारी वाट शाळेतूनच जाते.

यावर पाण्याच्या टंचाईचा आक्षेप येईल, आणि तो खराही आहे. ज्या वस्तीत पिण्याचे पाणी पुरत नाही, तेथे बुडवण्याचे पाणी कोठून आणावे? पण एका जिवासाठी लागणारे पाणी शंभर-दीडशे लिटरांच्या घरात आहे आणि ते हंगामात एखाद्या वेळीच लागणार. सावलीत झाकून ठेवलेला एक ड्रम पुरेसा आहे. तो गरज पडेतो गावाचाच साठा राहील.

गांधीजींनी गिरगावातील त्या रात्री पाण्यावर भरवसा ठेवला, तरी त्या भरवशाला शंकेची जोड दिली. आज ज्ञान पुष्कळ पुढे गेले आहे, तेव्हा कोठे शंका घ्यावी आणि कोठे घेऊ नये, हे अधिक स्पष्ट सांगता येते. निरोगी माणसाला चिरतारुण्य देण्याच्या थंड पाण्याच्या दाव्याविषयी शंका घ्यावी. उन्हाने कोसळलेल्या माणसाला पाण्यात बुडवताना ती घेऊ नये. हौसेचा टब कोणाला परवडत असेल तर त्याने तो खुशाल घ्यावा. पण गडचांदूरच्या कारखान्याच्या फाटकापाशी, खाणीच्या तोंडाशी आणि तेंदूपत्त्याच्या मांडवात जो पाण्याचा ड्रम ठेवावयाचा आहे, तो कोणाच्या हौसेवर सोडण्याजोगा नाही. तो एप्रिल उजाडण्यापूर्वी भरलेला असावा.